उखळीच्या दारूची पारख

माझ्या चुलतभावाचा मुलगा नोकरीनिमित्त परदेशात असतो. तिथे त्याला एक छंद लागला आहे, मोठ्या तोंडाच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरच्या घरी भरण्याचा. त्या देशात म्हणे ते रीतसर चालतं. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने माझ्यापुढे दोन डबे धरले. एकातली दारू सावकाश जळणारी, दुसऱ्यातली चटकन पेट घेणारी. कोणती घ्यावी हे त्याचं ठरत नव्हतं, आणि आपल्या घरात यात्रेच्या उखळी भरल्या जायच्या एवढं त्याला ऐकून माहीत असल्यामुळे त्याने मोठ्या कौतुकाने विचारलं, "आत्या, तुझा अनुभव काय सांगतो?" मी म्हटलं, "आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये." तो पोट धरून हसला. म्हातारी थट्टा करतेय असं त्याला वाटलं. मी थट्टा करत नव्हते, पण एवढी मोठी गोष्ट फोनवर कशी सांगणार? म्हणून इथे लिहून ठेवते.

उखळ म्हणजे जाड लोखंडाची, बुटकी, उभी नळी. बुडाशी एक बारीक भोक, त्याला काना म्हणायचे. नळीत बंदुकीची दारू घालायची, वरून विटेचा चुरा लाकडी दांड्याने ठासायचा, आणि कान्यातून बत्ती द्यायची. चैत्रात आमच्या भैरवनाथाची पालखी देवळातून निघाली की पहिले पाच बार आमच्या घरचे. तो आमचा मान. बाकी आमच्याकडे मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. इंद्रायणीच्या बाजूची थोडी जमीन, दोन म्हशी, आणि वडील कंपनीत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते प्रेस शॉपला होते, म्हणजे पत्र्याचे तक्ते यंत्राखाली दाबून गाड्यांचे भाग काढायचे. त्यांचे धाकटे भाऊ बापूकाका शेती बघायचे. अण्णा पहिली पाळी करून आले की अंगणात बाजेवर बसून चहा घ्यायचे, आणि त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं तर मोठ्यानेच बोलावं लागायचं. आमच्या घरात आई सोडून सगळेच ओरडून बोलत. आलेल्या पाहुण्याला वाटे, इथे भांडण चाललं आहे. मी लग्न होऊन सासरी गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं की पोरी, तुला राग कसला आला आहे?

अण्णांचं एक लाडकं पालुपद होतं. पाहुणा बसला, चहा झाला, की ते आढ्याकडे बघून म्हणायचे, "कंपन्या आल्या आन चिमन्या गेल्या. पूर्वी काय कलकलाट असायचा, आता एक चिमनी बोलंल तर शपथ." आणि त्याच आढ्यावर चिमण्यांनी नुसता धुमाकूळ घातलेला असायचा. पाहुणा हसायचा, आम्हीही हसायचो. अण्णा मूळचेच मिश्कील. दगडासारखा चेहरा ठेवून फिरकी घ्यायची त्यांची रीत होती, त्यामुळे हीसुद्धा फिरकीच असं आम्ही धरून चाललो होतो. स्टोव्हवरच्या कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या तरी शेजारी बसलेले अण्णा उठायचे नाहीत, आई परसातून धावत यायची आणि म्हणायची, "बसल्या जागी कोण बंद करील?" पण गोठ्यात म्हैस हंबरली की सगळ्यांच्या आधी तेच उठत. कंपनीचा भोंगा तर झोपेतही ऐकत. तेव्हा माणसाला ऐकू येत नाही असं कुणाच्या मनात यावं तरी कसं?

दारू घरात आली की त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटायची नाही. हा नियम फार कडक होता. देवापुढचा दिवासुद्धा बापूकाकांच्या घरी लागे. आई आदल्या दिवशीच गुळाच्या दशम्या करून फडक्यात बांधून ठेवायची. मग दिवसभर दशमी, दही, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. आम्हा मुलांना तो सणच वाटायचा. मधल्या खोलीत गोणपाटावर दारू पसरलेली असे, सावलीत सुकायला. तिला एक उग्र, गंधकाचा वास असायचा. तो माझ्या नाकात अजून आहे. आता मी मोशीत सातव्या मजल्यावर राहते. सोसायटीत कुणी फटाके उडवले की बाकीचे खिडक्या लावून घेतात, आणि मी एकटी गॅलरीत जाऊन उभी राहते.

पारख करायची रीत ठरलेली होती. चिमूटभर दारू पांढऱ्या कागदावर ठेवून पेटवायची. भपकन जळून कागद जवळजवळ स्वच्छ राहिला तर दारू चांगली. काळे डाग पडले, कागद करपला, तर ती ओली नाहीतर भेसळीची. पण खरी पारख आवाजाची. बार वेशीवर ऐकू गेला पाहिजे, म्हणून घरातलं एक माणूस दूर जाऊन उभं राही, हातात पांढरं उपरणं घेऊन. आवाज भरदार आला तर उपरणं डोक्यावर उंच धरायचं. फुसका आला तर खाली गुडघ्यापाशी हलवायचं. हे ऐकणाऱ्याचं काम मी अगदी लहान असल्यापासून माझ्याकडे होतं. "घरात कान आमच्या शकूचेच," असं बापूकाका म्हणायचे. मला त्याचा केवढा अभिमान! ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी दहावीत होते, दोन वेण्या घालत होते, आणि वर्गात मला गणितात फारसं कुणी विचारत नव्हतं. पण चैत्रात मी उपरणं उंच धरल्याशिवाय आमच्या घरची दारू पसंत होत नव्हती.

त्याच्या आदल्या यात्रेत आमचे दोन बार फुसके निघाले होते. दारू दमट होती. देवळापुढे माणसं हसली. भावकीतले शंकरतात्या, अण्णांच्याच वयाचे, जुन्या चढाओढीचे, ते भर सभामंडपात म्हणाले, "अण्णाला आता कंपनी झेपती, देव झेपत न्हाई. मान आमच्याकडं द्या." शेवटी पंचांनी तोड काढली, की येत्या यात्रेआधी अण्णांनी तात्यांसमोर दारूची चाचणी करून दाखवावी. बार भरदार निघाले तर मान अण्णांचा, नाहीतर तात्यांचा. अण्णांनी हे फार मनाला लावून घेतलं. जेवताना हात थांबायचा आणि ते म्हणायचे, "माझ्या हयातीत मान गेला तर पालखीम्होरं कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

त्यातच आमचा तळेगावचा दारूवाला त्या वर्षी थकला. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याकडून आम्ही जाड दाण्याची दारू आणायचो. ती सावकाश जळे आणि तिचा आवाज जमिनीतून आल्यासारखा घुमे. त्याच्याकडे जाड दारू पिशवीच्या तळाशी होती तेवढीच उरली. बाकी त्याच्या मुलाने काढलेली बारीक दारू, चहाच्या पुडीतल्या भुकटीसारखी. मुलगा म्हणाला, "हिचा आवाज कडक, पण जपून भरा." बापूकाकांनी दोन्ही आणल्या. आमच्या पलीकडच्या गावात अशीच बारीक दारू जाड दारूच्या मापाने भरली होती, तेव्हा उखळ फुटली होती आणि भरणाऱ्याचा उजवा पंजा गेला होता. तो माणूस बाजारात डाव्या हाताने पिशवी धरून चालायचा. मी त्याला पाहिलं होतं.

चाचणी गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात झाली. उन्हं कलली होती, हरभऱ्याची काढणी होऊन रानं मोकळी पडलेली. ओढ्यात अण्णा, बापूकाका आणि तात्या. बापूकाकांची सायकल काठाला टेकवलेली. मी समोरच्या टेकाडावर, उपरणं घेऊन. पहिला बार जाड दारूचा. धडाम आवाज आला आणि माझ्या तळपायांना कळला. मी उपरणं उंच धरलं. अण्णाही खूश झालेले लांबूनसुद्धा दिसले, तात्यांकडे बघून त्यांनी मिशीवर हात फिरवला. पण जाड दारू त्या एका बारातच संपली. यात्रेचे पाच बार बारीक दारूनेच काढायचे होते, तेव्हा खरी परीक्षा तिची.

दुसरा बार बारीक दारूचा, बापूकाकांच्या आग्रहाने थोडी भरलेली. कडाड! असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. माझे कान सुन्न झाले, टेकाडावरच्या टिटव्या उठल्या, वस्तीवरची कुत्री ओरडायला लागली. मी उपरणं जेवढं उंच धरता येईल तेवढं धरलं. आणि खाली बघते तर अण्णा मान हलवत होते. नाही, नाही. त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे बघून विचारलं, काय हे? मी पुन्हा उपरणं उंच केलं. ते रागावले. पोरगी बापाची बाजू सावरून घेतेय आणि तात्यांपुढे आपलं हसं होतंय, असं त्यांना वाटलं, हे त्यांनी मला पुढे सांगितलं. तो बार त्यांना कुणी पाट आपटावा तेवढाच ऐकू आला होता.

मग त्यांनी दारू मोजायचं पितळी माप हातात घेतलं. बारीक दारूने काठोकाठ भरलं, उखळीत ओतलं, आणि पुन्हा भरायला घेतलं. बापूकाका पुढे झाले, काहीतरी बोलले, आणि मागे सरले. आमच्या घरात थोरल्या भावाचा हात धरायची रीत नव्हती, आणि ज्याच्याकडे मान त्याच्या मापाला कुणी बोट लावायचं नसे. तात्याही पुढे आले नाहीत. त्यांचा चेहरा मला लांबून दिसत नव्हता. मी टेकाडावरून उतरले नाही, अक्षरशः घसरले. धसकटांनी पाय सोलवटले. पळता पळता मला चिमण्या आठवल्या, कुकर आठवला. अण्णा फिरकी घेत नव्हते. कधीच घेत नव्हते.

ओढ्यात पोचले तेव्हा दुसरं माप नळीच्या तोंडाशी होतं. मी त्यांचा हात धरला. बापाचा हात धरणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मी म्हटलं, "अण्णा, तुमाला ऐकू येत न्हाई."

"काय?"

अशी गोष्ट माणसाला हळूच, बाजूला नेऊन सांगायची असते. मला ती सोय नव्हती. त्यांना कळायचं तर ओरडूनच सांगायला हवं होतं. म्हणून मी तात्यांसमोर, बापूकाकांसमोर, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी किंचाळले, "तुमाला ऐकू येत न्हाई! बार लई मोठा झाला! तुमाला ऐकू येत न्हाई!"

अण्णांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मला? मला ऐकू येत न्हाई? आगं, म्हस हंबारली तर मी उठतो. भोंगा मला ऐकू येतो. काल बापू परड्यातनं बोलला ते ऐकलं. तुला कुनी शिकावलं हे? तात्यानं?"

तात्या म्हणाले, "माझी शपथ अण्णा, मी पोरीशी बोललो बी न्हाई."

मला रडू फुटलं. अण्णा माझ्याकडे बघत होते, डोळे लाल झालेले, आणि त्यांच्या पाठीमागे बापूकाका हळूच काठाकडे गेले. त्यांनी सायकलची घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. तात्यांनी चमकून तिकडे पाहिलं. अण्णा माझ्याकडेच बघत राहिले. बापूकाका थांबेनात. घंटी वाजतच होती, आणि अण्णांच्या पापणीलासुद्धा ती कळत नव्हती. माझी नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली म्हणून ते वळले. त्यांना भावाचा अंगठा घंटीच्या खटक्यावर खालीवर होताना दिसला.

"बघतोस काय? वाजव की," अण्णा म्हणाले.

"वाजवतोच हाय, अण्णा," बापूकाका म्हणाले.

मी आजवर बरीच मरणं पाहिली. पण एखाद्या माणसाला आपल्या हातून काय निसटलं आहे हे एका क्षणात कळताना मी तेवढंच एकदा पाहिलं. अण्णांनी माप खाली ठेवलं. ते सायकलजवळ गेले, घंटीवर बोटं टेकवली आणि स्वतः वाजवली. बोटांना ती थरथर कळत असावी, कारण त्यांनी लगेच हात मागे घेतला. मग ते ओढ्याच्या वाळूत बसले. मला वाटलं होतं, आता तात्या काहीतरी टोचून बोलतील. त्यांची संधी होती. तात्यांनी धोतर खोचलं, उखळ आडवी केली, आतली दारू लाकडी काटकीने खरवडून कागदावर घेतली आणि दूर वाऱ्यावर उधळून टाकली. मग अण्णांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांच्या कानाजवळ जाऊन मोठ्याने म्हणाले, "खेडच्या अंगाला एक दारूवाला हाय. जाड दान्याची काढतो. उद्या मी सोता जाऊन आनतो. मान तुझाच."

यात्रेचं आत्ताच सांगून टाकते. तात्यांनी आणलेल्या जाड दारूने पाच बार निघाले, पाचही खणखणीत. बत्ती बापूकाकांनी दिली. मी वेशीवर उपरणं उंच धरलं तेव्हा अण्णांनी देवाला हात जोडले. पुढे मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, यंत्राच्या आवाजाने हे होतं, जड आवाज राहतात आणि बारीक आवाज आधी जातात, आणि जाताना माणसाला सांगून जात नाहीत. प्रेस शॉपची कितीतरी माणसं अशीच म्हातारी झाली. चाकणपासून भोसरीपर्यंतच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर तुम्हाला माझ्या वडिलांच्या वयाची, ओरडून बोलणारी माणसं भेटतील. लोकांना ती भांडखोर वाटतात. मला त्यांच्याविषयी माया वाटते, आणि रागही येतो, कुणाचा ते नेमकं सांगता येत नाही.

पण मला लिहायची आहे ती ओढ्यातल्या चाचणीच्या दिवशीची संध्याकाळ. उरलेली दारू आम्ही मळ्यातल्या खोपटातच ठेवली, म्हणून घरी चूल पेटली होती. आईने पिठलं टाकलं होतं. अण्णा आल्यापासून भिंतीला टेकून चुलीकडे बघत बसले होते. बापूकाकांनी आईला झालेलं सगळं सांगितलं आणि ते निघून गेले. माझी आई मुळात हळू बोलणारी बाई. तिच्या माहेरी सासरच्या माणसांपुढे, त्यातून नवऱ्यापुढे, आवाज चढवणं म्हणजे बाईचं वळण बिघडणं असं मानत. आम्ही पोरं ओरडायचो, काका ओरडायचे, ती मात्र पदर सावरून, खाली बघून, ओठांतल्या ओठांत बोलायची. त्या संध्याकाळीही ती तशीच काहीतरी बोलली. अण्णा तिच्याकडे बघत होते. त्यांनी तिचे ओठ हलताना पाहिले.

"तू आत्ता बोललीस?" त्यांनी विचारलं.

आईने होकारार्थी मान हलवली.

"रोज बोलतीस?"

"रोजच की," आई म्हणाली. ते त्यांना ऐकू आलं नाही, मला आलं. मी मोठ्याने म्हटलं, "रोज बोलती."

अण्णा म्हणाले, "बाकी समद्यांचं ऐकू यायचं. तुझंच येत नव्हतं. मला वाटलं, तू बोलायचं टाकलंस. थोरली पोर गेली तवा मी कामावर हुतो, घरी न्हाई आलो येळेवर, त्याचा राग धरलास. म्हनलं धरंल न्हाईतर काय करंल. म्हनून मी बी कदी विचारलं न्हाई."

माझ्या आधी एक बहीण होती, तापात गेली, एवढंच मला माहीत होतं. तिच्याविषयी घरात कुणी बोलत नसे. आई हातातलं उलथनं तसंच धरून उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती पुन्हा काहीतरी पुटपुटली, आणि मी ते अण्णांना सांगणार, एवढ्यात तिने मला हाताने थांबवलं. पदर खांद्यावरून खाली घसरला होता, तो तिने सावरला नाही. दोन पावलं पुढे झाली, आणि ज्या आवाजाने तिने कधी रानातल्या म्हशीलाही हाकारलं नव्हतं त्या आवाजात ओरडली, "मला वाटलं तुमीच रागावलाय! मी विचारायची आन तुमी उठून जायचा!"

अण्णा म्हणाले, "न्हाई गं. न्हाई."

"मग आता जेवताय का?"

एवढ्यात शेजारच्या काकू दारात धावत आल्या. "काय झालं गं? येवढी कशापायी ओरडतीस? भांडलाय का काय?"

"न्हाई वो," आई त्याच चढ्या आवाजात म्हणाली, "बोलतोय आमी."